पोटाची पिशवी आणि सात हातांचे पंख

खारीएवढं ते जनावर माझ्या हातून मेलं नाही. मेलं ते त्याचं पिल्लू. अकोल्यात ही गोष्ट अजून सांगतात आणि बहुतेक जण चुकीची सांगतात, म्हणून मी लिहून ठेवते आहे.

तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते. सुईणपण सासूकडून शिकले आणि सासू गेल्यावर तिची घरं माझ्याकडे आली. दिवस कापसाच्या तेजीचे होते. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि इकडे वऱ्हाडात ज्याची चार वावरं होती त्याने चारही वावरांत कापूस पेरला होता. घरात जागा दिसेल तिथे कापूस. बाळंतिणीसाठी राखलेली कोपऱ्यातली खोली आधी भरायची, कारण ती कोरडी असायची. त्या हंगामांत मी कितीतरी बाळंतपणं गोठ्यात केली. नाळ कापायच्या आधी बाळाच्या नाकावरचे कापसाचे तंतू पुसावे लागत. घरधनी बाहेर कापसाच्या गाडीला जू बांधत असायचा आणि आतून मी ओरडायची, "अहो, मुलगी झाली!" तो म्हणायचा, "बरं झालं, दार लावून घ्या, वारा येते कापसाले."

ठेसनाजवळच्या बंगल्यात कापूस खरेदीचा एक गोरा साहेब राहायचा. त्याच्या मडमेला दिवस गेले होते. त्याआधी तिची दोन मुलं गेली होती, एक पोटात आणि एक जन्मल्यावर तासाभरात. तिच्याकडे आया होती ती माझी बालमैत्रीण. आम्ही दोघी तेल्हाऱ्याच्या, एकाच गल्लीतल्या. भुलाबाईची गाणी एकत्र म्हटली, लग्नं एकाच वर्षी झाली, दोघी अकोल्यातच पडलो. मडमेची कंबर धरायची तेव्हा हिनेच माझं नाव सुचवलं. मी कोमट तिळाच्या तेलाने कंबर रगडून दिली, मडमेला आराम पडला, आणि मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले.

मडमेला हिंदुस्थानी मोडकीतोडकी यायची, मला इंग्रजीचा गंध नव्हता. मैत्रीण आठ वर्षं गोऱ्यांच्या घरात काढून बरीच इंग्रजी बोलायची. मी बोलायचं, तिने सांगायचं. मडम बोलायची, तिने मला सांगायचं. त्यात काही धोका आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

सातवा सरता सरता मला कळलं की मूल आडवं आहे. डोकं डाव्या कुशीला, पाय उजव्या. वेळेपर्यंत तसंच राहिलं तर आई आणि मूल दोघंही हातचे जातात. मी मैत्रिणीला म्हटलं, "तिले सांग, घाबरायचं नाही. मी थोडं थोडं करून फिरवीन. पन बाळंतपनाले मीच पायजे. फिरवलेलं मूल पुन्हा आडवं होऊ शकते, ते वेळेवर हाताले कळलं पायजे."

मडमेने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मान हलवली. साहेबाची फारशी मर्जी नव्हती, पण गोरा डॉक्टर सारखा दौऱ्यावर असायचा, आणि मागची दोन मुलं त्याच्याच हातून गेली होती. ठरलं. मला ते बाळंतपण हवं होतं. तिची दोन गेलेली होती आणि तिसरं माझ्या हातात नीट येत होतं, एवढं कारण मला पुरेसं होतं.

मडमेचा भाऊ घोड्यांचा व्यापारी होता. ऑस्ट्रेलियातून जहाजाने घोडे मुंबईला आणायचा आणि बहिणीसाठी दर खेपेला काहीतरी विचित्र घेऊन यायचा. एकदा त्याने एका मोठ्या समुद्रपक्ष्याचं भुसा न भरलेलं कातडं आणलं, पंखांसकट. दुसऱ्या खेपेला जिवंत जनावर आणलं: राखाडी रंगाचं, डोक्यापासून पाठीवर काळा पट्टा असलेलं, मोठ्या काळ्या डोळ्यांचं. शेपटी खारीसारखी, पण खार नव्हे. दिवसभर गोळा होऊन झोपायचं आणि संध्याकाळी पिंजऱ्यात उड्या मारायचं. गूळ, केळं आणि नाकतोडे खायचं. त्याची देखभाल मैत्रिणीकडे होती.

पक्ष्याबद्दल तिने मला आधी सांगितलं तेव्हा मी हसले.

"सात हात पंख हायेत त्याचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत," ती म्हणाली.

"अवं, सात हात म्हणजे लुगडं झालं. पाखरू हाय का मांडव?"

"खोटं वाटते तुले?"

"तू गोऱ्याच्या घरचं खाऊन खाऊन गोऱ्यासारखं फेकून राहिली."

ती रागावली नाही. म्हणाली, "येजो सोमवारी. कपडे उन्हात घालनार हाओत, तवा ते बी काढू."

सोमवारी बंगल्याच्या मागच्या अंगणात लोकरीचे कपडे उन्हात घातले होते. म्हातारा खानसामा बाळापूरचा होता, मुसलमान, पांढऱ्या दाढीचा, बोलायला गोड. त्याने एक टोक धरलं आणि मैत्रिणीने दुसरं, आणि ते दोघे एकमेकांपासून मागे मागे सरत गेले. पंख उलगडतच राहिले. मी हाताने मोजलं. सात हात भरून चार बोटं वर. मी मैत्रिणीसमोर कान पकडले. "हरले. आता तू म्हनशील ते खरं."

"ध्यानात ठेवजो," ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

खानसाम्याने मग त्या पक्ष्याची हकिकत सांगितली. त्याने ती मडमेच्या भावाच्या तोंडून ऐकली होती. हा पक्षी महिनोन्‌महिने जमीन पाहत नाही. एकच अंडं घालतो, कुठल्यातरी ओसाड बेटावर, उघड्या जमिनीवर. नर-मादी पाळीपाळीने दोन महिन्यांच्या वर त्यावर बसतात. पिल्लू निघालं की दोघंही समुद्रावर जातात, शेकडो कोसांवरून चारा आणतात, आणि पिल्लू तिथे जवळजवळ वर्षभर वारा-पावसात एकटं बसून राहतं.

"याद रखते हैं, बेटी," खानसामा म्हणाला. "उतना समंदर, और एक बच्चा. भूलते नहीं."

"अन्‌ हे खारीवानी हाय त्याचं कसं?" मी विचारलं.

मैत्रीण म्हणाली, "त्याचं काय, झोपते अन्‌ खाते," आणि उन्हातले कपडे उलटे करायला लागली.

त्याच सुमारास तिची सख्खी बहीण तेल्हाऱ्याहून आली. नवरा पटकीने गेला, दिरांनी वावरातून बाहेर काढलं, ती पोरं घेऊन बहिणीच्या दारी आली. तीही सुईण होती. हात बरा होता तिचा, मी पाहिला होता. मी होऊन तिला माझी दोन घरं दिली. दोन्ही लांब पडायची आणि मला तेव्हा तीन तीन घरी एका दिवशी धावावं लागे. मैत्रीण म्हणाली, "तुहे उपकार इसरनार नाही." मी म्हटलं, "उपकार कायचे व, मले बी पाय दोनच हायेत."

मार्गशीर्षात मडमेचं मूल फिरलं. फिरवण्याच्या शेवटच्या दिवशी मी तेल लावून बसले, डोकं तळहाताने खाली लोटत होते, आणि एकदम सगळं वळलं, जशी झोपलेली माणसं कूस बदलतात. मडमेचे डोळे मोठे झाले. मी तिच्या पोटावर टिचकी मारल्यासारखं करून दाखवलं: डोकं इथे, खाली. ती रडली. मला रडणाऱ्या बायकांचं काय करावं ते कधी सुचत नाही, म्हणून मी तेलाची वाटी धुवायला गेले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी दुपारी मैत्रिणीने मला मागच्या ओसरीवर बोलावलं. मडम झोपली होती. मैत्रिणीच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं ते जनावर होतं.

"पाय न व, याच्या पोटाले काय झालं. मांजरीनं नख मारलं, आठ दिस झाले. मडमेपासून लपोलं. आता त्यात किडे पडले. तिले दिसलं तर मले काढून टाकीन."

मी जनावर उताणं केलं. पोटावर आडवी चीर होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान. चीर स्वच्छ होती, पू नव्हता, वास नव्हता. तिच्या बाजूला सूज होती, भुईमुगाच्या शेंगेसारखी. मी करंगळी आत घातली. आत ऊब होती आणि काहीतरी हललं.

इथे मला थांबून सांगायलाच पाहिजे. माझ्या बोटाला ते कळलं होतं. किडे वळवळतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी. हे एकच होतं आणि ते मागे सरलं, जसं पोटातलं मूल हात लागला की मागे सरतं. मी हे हजार वेळा अनुभवलं होतं. पण पोटाच्या बाहेरच्या कातड्यात मूल असतं हे मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मैत्रीण म्हणत होती किडे. ती पंखांबद्दल खरी निघाली होती. मी तिच्यापुढे कान पकडले होते.

"किडे वाटत नाहीत व," मी म्हटलं खरं.

"मंग काय हाय? मी काल डोळ्यानं पायले. पांढरे होते."

ढोरांच्या जखमेत किडे पडले की आमच्याकडे सीताफळाचा पाला वाटून आत भरतात आणि वरून घट्ट बांधतात, म्हणजे किडे गुदमरून मरतात. कुंपणाला सीताफळ होतंच. मैत्रिणीने पाला आणून दिला, पाटा-वरवंटा आणून दिला. मी लगदा केला, चिरेत भरला, चिंधीने पोट आवळून बांधलं. जनावर मला चावलं. मी म्हटलं, "चाव बाई, उद्या बरी होशीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. मडम ओसरीवर उभी होती, जनावराची चिंधी सोडलेली होती, आणि टेबलावर रुमालात एक पिल्लू होतं. अंगठ्याएवढं, केस न आलेलं, डोळे मिटलेलं. सगळं कातडं हिरवं झालं होतं. मी आयुष्यात पुष्कळ मेलेली मुलं पाहिली आहेत आणि काय पाहते आहे हे मला लगेच कळलं.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती मडमेच्या मागे उभी होती.

मी बोलायला लागले. मी सांगितलं की मला जखम म्हणून दाखवलं, किडे म्हणून सांगितलं, माझ्या बोटाला शंका आली होती, मी तसं म्हणालेही होते, चूक माझी की मी ऐकलं. मी सगळं सांगितलं आणि मैत्रिणीने ते इंग्रजीत मडमेला सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मडमेचा चेहरा आधी लाल होता, तो ऐकता ऐकता पांढरा झाला. तिने एक हात पोटावर ठेवला आणि दुसरा हात माझ्याकडे असा केला की जा.

"काय म्हनते?" मी विचारलं.

"जा म्हनते," मैत्रीण म्हणाली. "मी लय समजावलं व."

मी तिच्यावर विश्वास ठेवून घरी आले. दोन दिवस तिचीच काळजी केली, की हिची नोकरी राहते का जाते.

तिसऱ्या दिवशी खानसामा माझ्या दारात आला. आत बसला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलला. त्याला इंग्रजी येत होतं, फक्त तो बोलत नसे.

"बेटी, ती जखम नव्हती. थैली होती. त्या जनावराच्या पोटाले थैली राहते, त्यात बच्चा राहतो."

"तुमाले माहीत होतं?"

"सब को मालूम था. मडम रोज पाहायची. अन्‌ तुही सहेली रोज सकाळी उघडून पाहून सांगायची, आज कितना बडा हुआ."

मी उंबरा ओलांडून बाहेर आले.

"अन्‌ परवा तिनं काय सांगितलं ते बी ऐक. ती बोलली, तू म्हनाली की गर्भारशीच्या घरात असं जनावर अशुभ. त्याचा बच्चा मारला की मडमेचा बच्चा जगते. म्हणून तू जाणून मारला." म्हातारा जमिनीकडे पाहत होता. "अब उसकी बहन आई है बंगले पे. काल मडमेची कंबर तिनं रगडली."

त्याने मग मला ते जनावर समजावून सांगितलं. पुढे मी अमरावतीच्या दवाखान्यात शिकायला गेले, लिहायला-वाचायला शिकले, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून मी खात्रीही करून घेतली. म्हातारा अक्षर न्‌ अक्षर खरं बोलला होता. त्या जनावराच्या गर्भारपणाचे दिवस पंधरा-सोळाच असतात. पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं जन्मतं, आंधळं, नुसते पुढचे हात आलेले, आणि त्या हातांनी आईच्या केसांना धरून आपणच चढत पिशवीत जातं. तिथे आंचळ तोंडात धरतं आणि दोन महिन्यांच्या वर सोडत नाही. सुईण लागत नाही, वार लागत नाही, कळा कसल्या त्या आईला कळतही नसतील.

मी पुष्कळदा त्या दोघांचा विचार केला आहे, माझ्या धंद्याच्या नजरेने. सात हातांचा पक्षी, ज्याला सगळं आभाळ मोकळं, तो आपलं एकुलतं पिल्लू उघड्या बेटावर ठेवून जातो. मुठीत मावणारं जनावर पिल्लाला अंगाबाहेर क्षणभर ठेवत नाही. पाहणाऱ्याला वाटेल की दुसरी आई जास्त चांगली. मला तसं वाटत नाही. पक्ष्याच्या पिल्लाला इजा करायची तर आधी ते बेट गाठावं लागतं. पिशवीतलं पिल्लू मारायला आईला मांडीवर घेता येणारं ओळखीचं माणूस पुरतं. ते जनावर तिच्या मांडीवर निवांत उताणं झालं होतं. चावलं ते मला.

मी बंगल्यावर गेले. दोनदा गेले. पहिल्यांदा शिपायाने फाटकातून परत पाठवलं. दुसऱ्यांदा मी खानसाम्याला सोबत चला म्हटलं, पण साहेबाने त्याला महिनाभरासाठी बाळापूरला पाठवून दिलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून ते मला कळायला वेळ लागला नाही. माझ्याकडे मडमेपर्यंत पोहोचणारी दुसरी जीभ नव्हती.

मला राग किती आला ते सांगण्यात अर्थ नाही. पण काळजी होती ती मुलाची. फिरवलेलं मूल पुन्हा आडवं झालं आणि त्या बहिणीला कळलं नाही तर? मी तिला बाजारात गाठलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "दर दोन दिवसांनी डाव्या कुशीले हात लावून पाहत जाजो. डोकं तिथं लागलं तर खाली लोटजो, हळू." तिने मान खाली घालून ऐकलं. तिचा मला तितका राग नव्हता. तिची पोरं उपाशी होती. मैत्रिणीने तोंडाने मागितलं असतं की हे बाळंतपण माझ्या बहिणीला दे, तर मी दिलं असतं असं मी म्हणणार नाही. बहुधा दिलं नसतं. तिला तेही माहीत असावं. इतकी वर्षं ओळखत होती ती मला.

माघात मडम बाळंत झाली. मुलगा. आई आणि मूल दोघं ठणठणीत. साहेबाने बाजारात साखर वाटली आणि सुईणीचं नाव गावभर झालं.

सहाव्या दिवशी दुपारी मैत्रीण माझ्या घरी आली. मी अंगणात शेणाने सारवत होते, ते थांबवलं नाही.

"पोरगं डोक्यानं आलं," ती म्हणाली.

"ऐकलं."

"बहीन म्हनते, कोनी तरी लय चांगल्या हातानं फिरोलेलं होतं. म्हनते, हे माहं काम नाही, तिचं हाये."

"तिले कळते तर."

ती उभीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, लहानपणापासूनची सवय. "काय करू व मी? रांडमुंड बहीन दारात, चार पोरं. मले दुसरं काही सुचलं नाही."

"पिल्लू हाय ते तुले माहीत होतं."

"होतं."

"माह्या हातात देताना?"

"होतं म्हनलं न."

मी सारवत राहिले. हात कोपरापर्यंत भरलेला होता. तिला वाटलं असावं की मी रडेन, नाहीतर शिव्या देईन, आणि मग मोकळं होऊन आपण घरी जाऊ. मी काहीच केलं नाही. तेव्हा तीच म्हणाली, "मडमेले सांगू काय तुहं नाव? की मूल तूच फिरोलं, अन्‌ पिल्लाचं बी?"

मी "नको" म्हणावं म्हणून तिने विचारलं होतं. आमच्याकडे असंच विचारतात, आणि समोरच्याने नको म्हणायचं असतं.

"सांग," मी म्हटलं.

ती "सांगतो," म्हणाली, आणि गेली.

मी आठ दिवस वाट पाहिली. बंगल्याकडून कोणी आलं नाही. मग एका सकाळी मी ठेसनाच्या रस्त्याने एका बाळंतिणीकडे निघाले होते. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग, आणि त्या गाड्यांमध्ये अडकलेली साहेबाची बैलांची दमणी. साहेबाची अमरावतीला बदली झाल्याचं नंतर कळलं. सगळं बिऱ्हाड हललं होतं. दमणीत मडम होती, शेजारी माझी मैत्रीण, मागच्या गाडीत तिची बहीण आणि पोरं. गाड्या थांबल्या म्हणून मीही रस्त्याच्या कडेला थांबले. मडमेपासून चार हातांवर असेन.

तिने मला पाहिलं. ओळखलं. मी हात जोडले. तिने मूल पदराखाली घ्यावं तसं शालीखाली घेतलं आणि दमणीचा पडदा ओढून घेतला. मैत्रीण बैलांकडे पाहत होती.

पडद्याआड मूल रडायला लागलं. मी गाड्या हलेपर्यंत ऐकत उभी राहिले. आवाज मोकळा होता, छातीतून येणारा, दूध पोटभर मिळणाऱ्या पोराचा. मग मी माझ्या बाळंतिणीकडे गेले. तिच्या कळा पहाटेपासून सुरू होत्या.